केन ड्रायडन: स्टिकला रेलून उभा असलेला हा गोलरक्षक कोण? कॉलेजच्या दिवसांतल्या जुन्या फोटोंमागची गोष्ट

एक जुना कृष्णधवल फोटो. बर्फाचं मैदान, मागे गोलची जाळी आणि जाळीपुढे पायांना जाडजूड पॅड बांधलेला एक उंच, सडपातळ तरुण. पाठीवर १ हा आकडा. फोटोखाली एवढंच लिहिलेलं असतं: 'लिजेंड'.

५ सप्टेंबर २०२५ रोजी कॅनडाचे माजी गोलरक्षक केन ड्रायडन यांचं वयाच्या ७८ व्या वर्षी कर्करोगाने निधन झालं. त्यानंतर आइस हॉकीच्या चाहत्यांनी त्यांचे जुने फोटो पुन्हा बाहेर काढले. काही फोटो मॉन्ट्रियलच्या व्यावसायिक संघातले, तर काही त्याही आधीचे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संघातले.

पण हे ड्रायडन नेमके कोण? कॉलेजच्या तीन वर्षांत त्यांनी असं काय केलं की साठ वर्षांनंतरही लोक ते फोटो जपून ठेवतात? आणि समोर आलेला फोटो खरंच कॉलेजचा आहे की नंतरचा, हे ओळखायचं कसं? समजून घेऊया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू: ही आपली हॉकी नाही

आपल्याकडे 'हॉकी' म्हटलं की ध्यानचंद, धनराज पिल्ले आणि हिरवं टर्फ डोळ्यांसमोर येतं. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत मात्र 'हॉकी' म्हणजे आइस हॉकी. बर्फावर स्केट्स घालून खेळायचा खेळ. एका वेळी गोलरक्षकासह प्रत्येकी सहा खेळाडू मैदानात असतात. २० मिनिटांचे तीन भाग होतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला 'पक' म्हणतात.

गोलही लहान असतो. फील्ड हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच, तर आइस हॉकीचा फक्त ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पण पक ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने येऊ शकते, तीही समोर उभ्या असलेल्या खेळाडूंच्या पायांमधून, त्यांच्या आडून. दिसायच्या आत ती अडवायची हे गोलरक्षकाचं काम. त्यामुळे या खेळात सामना जिंकला तर श्रेय गोल करणाऱ्याला मिळतं आणि हरला तर बोट गोलरक्षकाकडे जातं.

ड्रायडन कॉर्नेलला कसे पोहोचले?

केन ड्रायडन यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४७ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात झाला. लहानपण टोरंटोच्या पश्चिमेला गेलं. वडिलांनी घरामागच्या अंगणात डांबर टाकून घेतलं होतं, जेणेकरून पोरांना तिथे खेळता यावं. सहा वर्षांनी मोठा असलेला भाऊ डेव्ह हाही गोलरक्षक. टेनिस बॉल, दोन गोल आणि गल्लीतली मुलं. ड्रायडन यांनी पुढे आपल्या पुस्तकात या अंगणाबद्दल जिव्हाळ्याने लिहिलं.

१९६४ मध्ये ते १६ वर्षांचे होते. त्या वर्षीच्या 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंवर हक्क सांगतात त्या निवड प्रक्रियेत, बॉस्टन ब्रुइन्स संघाने १४ व्या क्रमांकावर त्यांचं नाव घेतलं. पण लगेचच हा हक्क मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाकडे गेला. आपल्याला आधी बॉस्टनने निवडलं होतं, हे खुद्द ड्रायडन यांना बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्या काळी कॅनडातल्या हुशार खेळाडूचा मार्ग ठरलेला असे. ज्युनियर लीगमध्ये खेळायचं, शाळा जमेल तशी उरकायची आणि थेट एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग गाठायची. या लीगमध्ये तेव्हा फक्त सहा संघ होते. सहा संघ म्हणजे गोलरक्षकाच्या मोजून सहा मुख्य जागा. अमेरिकन कॉलेजमध्ये शिकायला गेलेला मुलगा व्यावसायिक हॉकीच्या दृष्टीने जवळपास बाद समजला जाई.

ड्रायडन यांनी तोच मार्ग निवडला. ते न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या छोट्या शहरात, कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेले. मराठी वाचकांना कॉर्नेल हे नाव आणखी एका कारणाने ओळखीचं असेल. त्यांच्या काही वर्षं आधी मुंबईचे रतन टाटा याच विद्यापीठात आर्किटेक्चर शिकत होते.

म्हणूनच कॉलेजच्या या फोटोंना वेगळं वजन आहे. फोटोत दिसणाऱ्या तरुणाने पदवीसाठी आपली व्यावसायिक कारकीर्द पणाला लावली होती. पुढे तो सहा वेळा स्टॅन्ली कप जिंकणार आहे, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं, ना फोटो काढणाऱ्याला.

७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी

तेव्हाच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा 'फ्रेशमन' संघ असायचा. त्यामुळे ड्रायडन मुख्य संघातून तीनच हंगाम खेळले: १९६६-६७, १९६७-६८ आणि १९६८-६९.

या तीन हंगामांत त्यांच्या नावावर ७६ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी आहे. पहिल्या हंगामात तर ते एकही सामना हरले नाहीत.

हे आकडे समजायला आणखी दोन शब्द माहीत हवेत. एक म्हणजे दर सामन्यामागे खाल्लेले गोल. ड्रायडन यांची कॉलेजमधली सरासरी १.५९ होती, म्हणजे सामन्याला दोन गोलही नाहीत. दुसरं म्हणजे अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण. ते .९३९ होतं. सोप्या भाषेत, गोलच्या दिशेने आलेल्या दर १०० फटक्यांपैकी जवळपास ९४ त्यांनी अडवले. तीनही वर्षं त्यांची निवड 'ऑल-अमेरिकन' संघात झाली, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंमध्ये.

संघाचे प्रशिक्षक होते नेड हार्कनेस. कडक शिस्तीचे आणि जिंकण्याचं वेड असलेले. १९५४ मध्ये त्यांनी आरपीआय या दुसऱ्या एका कॉलेजला राष्ट्रीय जेतेपद मिळवून दिलं होतं. कॉर्नेलचा संघ त्यांनी बहुतांशी कॅनडातून आलेल्या विद्यार्थ्यांमधून बांधला.

मार्च १९६७ मध्ये सिरॅक्यूज शहरात राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली. उपांत्य सामन्यात कॉर्नेलने नॉर्थ डकोटाला १-० ने हरवलं. अख्ख्या सामन्यात एकच गोल झाला आणि दुसऱ्या बाजूला ड्रायडन यांनी एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीचा ४-१ असा पराभव झाला. कॉर्नेलचं हॉकीतलं हे पहिलं राष्ट्रीय जेतेपद.

नंतरची दोन्ही वर्षं संघ पुन्हा अंतिम टप्प्यात पोहोचला, पण करंडक हाती आला नाही. १९६८ मध्ये नॉर्थ डकोटाने उपांत्य फेरीत बदला घेतला. १९६९ च्या अंतिम सामन्यात डेन्व्हरने कॉर्नेलला ४-३ ने हरवलं. ड्रायडन यांची कॉलेज कारकीर्द संपली ती या पराभवाने.

लाइना रिंक: फोटोंमागची जागा

यातले बरेच फोटो इथाकामधल्या लाइना रिंकमध्ये काढलेले आहेत. १९५७ मध्ये सुरू झालेलं हे कॉर्नेलचं बंदिस्त मैदान. जेमतेम चार हजार माणसं मावतील एवढं. छप्पर खाली, प्रेक्षक अगदी जवळ आणि आवाज कानठळ्या बसवणारा. हार्कनेस यांच्या काळात इथे हॉकीचं वेड इतकं वाढलं की तिकिटांसाठी विद्यार्थी तासन्‌तास रांगेत उभे राहू लागले. १९६७ ते १९७२ या काळात कॉर्नेलने घरच्या मैदानावर सलग ६३ सामने जिंकले. अमेरिकन कॉलेज हॉकीतला हा विक्रम आहे.

आज एखादा सामना झाला की हजारो मोबाइलमध्ये त्याचे व्हिडिओ असतात. १९६७ मध्ये तसं नव्हतं. कॉलेजच्या सामन्यांचं चित्रण फार कमी व्हायचं. जे उरलं ते विद्यार्थ्यांच्या 'कॉर्नेल डेली सन' या दैनिकातले फोटो, विद्यापीठाच्या वार्षिक अंकातली पानं, छापील कार्यक्रमपत्रिका आणि कुणाच्या तरी घरातल्या अल्बममधले प्रिंट. ड्रायडन यांच्या कॉलेजच्या खेळाची आठवण बरीचशी या फोटोंवर टिकून आहे. म्हणून त्यांच्याखालची माहिती बरोबर असणं महत्त्वाचं ठरतं.

तो स्टिकवर रेललेला फोटो कोणता?

ड्रायडन म्हटलं की बहुतेकांना एकच मुद्रा आठवते. स्टिकचं टोक बर्फावर टेकवलेलं, दोन्ही हात स्टिकच्या वरच्या टोकावर आणि त्यावर रेललेली हनुवटी. जणू बसस्टॉपवर कुणी निवांत वाट बघत उभा आहे.

ड्रायडन यांची उंची ६ फूट ४ इंच. त्या काळच्या गोलरक्षकांमध्ये ही उंची उठून दिसायची. खेळ थांबला की ते असे उभे राहत. प्रतिस्पर्ध्यांना त्यात बेफिकिरी दिसायची, चाहत्यांना आत्मविश्वास. प्रत्यक्षात ती विश्रांती होती. ओले होऊन जड झालेले कातडी पॅड वागवत उभ्या असलेल्या उंच माणसाने घेतलेला दोन क्षणांचा आधार.

पण या मुद्रेचे जगभर गाजलेले फोटो मॉन्ट्रियलच्या काळातले, म्हणजे १९७० च्या दशकातले आहेत. ते कॉलेजचे फोटो नव्हेत. हा घोळ टाळायचा असेल तर काही खुणा लक्षात ठेवाव्या लागतात.

फोटो कधीचा आहे, हे कसं ओळखाल?

पाठीवरचा आकडा बघा. कॉर्नेलमध्ये ड्रायडन यांचा क्रमांक १ होता. मॉन्ट्रियलमध्ये २९. फोटोत २९ दिसत असेल तर तो कॉलेजचा नाही, विषय संपला.

रंग बघा, पण जपून. कॉर्नेलचे रंग म्हणजे गडद लाल आणि पांढरा. मॉन्ट्रियलच्या जर्सीतही लाल आहेच, शिवाय निळा पट्टा आणि छातीवर मोठा 'सी'. कृष्णधवल फोटोत गडद लाल आणि निळा दोन्ही काळपटच दिसतात. त्यामुळे फक्त रंगावरून निष्कर्ष काढू नका.

मास्क बघा. गोलरक्षकांनी मास्क घालणं ही तेव्हा तशी नवीच गोष्ट होती. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या सामन्यात मॉन्ट्रियलचे गोलरक्षक जॅक प्लांट यांच्या चेहऱ्यावर पक लागली. टाके घालून ते परत आले ते मास्क घालूनच. त्यानंतर हळूहळू मास्क रुळला. ड्रायडन यांचा सर्वांत प्रसिद्ध मास्क लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्तुळांचा, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा दिसणारा. तो मॉन्ट्रियलच्या उत्तरार्धातला. असा मास्क दिसला तर फोटो १९६० च्या दशकातला असूच शकत नाही.

इतर खेळाडूंची डोकी बघा. हे गमतीचं वाटेल, पण उपयोगी आहे. त्या काळी अमेरिकन कॉलेजचे खेळाडू हेल्मेट घालून खेळायचे, तर एनएचएलमधले बरेच जण बोडक्या डोक्याने. एनएचएलमध्ये नव्या खेळाडूंना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७९ मध्ये. आजूबाजूला केस उडवत स्केटिंग करणारे खेळाडू दिसत असतील, तर तो बहुधा व्यावसायिक सामना आहे.

प्रेक्षकांच्या प्रथा बघा. हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी कॉर्नेलचे चाहते बर्फावर चक्क मासे फेकतात. पण ही प्रथा १९७० च्या दशकातली. बर्फावर मासे पडलेले दिसत असतील, तर त्या फोटोत ड्रायडन नाहीत.

सर्वांत मोठा घोळ: १९७० चा अपराजित संघ

कॉर्नेलच्या हॉकीबद्दल थोडंफार ऐकलेल्या लोकांना दोन गोष्टी माहीत असतात. एक, ड्रायडन तिथले. दोन, कॉर्नेलचा एक संघ अख्ख्या हंगामात एकही सामना हरला नाही. मग डोक्यात दोन्हींची सांगड घातली जाते आणि 'अपराजित संघाचे गोलरक्षक केन ड्रायडन' अशी ओळ तयार होते.

ही ओळ चुकीची आहे.

अपराजित हंगाम १९६९-७० चा. कॉर्नेलने २९ पैकी २९ सामने जिंकले. एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही. लेक प्लॅसिडमधल्या अंतिम सामन्यात क्लार्कसनला ६-४ ने हरवून ते विजेते झाले. त्या सामन्याच्या शेवटच्या भागात डॅन लोडबोआ यांनी तीन गोल केले. अमेरिकन पुरुष कॉलेज हॉकीच्या सर्वोच्च गटात एकही सामना न हरता आणि बरोबरीतही न सोडवता जेतेपद मिळवणारा तो आजवरचा एकमेव संघ.

आणि तेव्हा ड्रायडन तिथे नव्हते. १९६९ मध्येच पदवी घेऊन ते बाहेर पडले होते. त्या संघाचे गोलरक्षक होते ब्रायन क्रॉपर. ड्रायडन यांच्यापेक्षा बरेच ठेंगणे आणि त्यांच्या शेवटच्या हंगामात राखीव गोलरक्षक म्हणून बाकावर बसलेले.

क्रॉपर यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत मोठा गोलरक्षक निघून गेला आहे. सगळे म्हणताहेत, आता या संघाचं कसं होणार? आणि तुम्ही असा हंगाम खेळता, जो खुद्द ड्रायडन यांनाही जमला नव्हता. पन्नासेक वर्षांनी कुणीतरी संघाचा फोटो शेअर करतं आणि खाली लिहितं: ड्रायडन.

जुन्या फोटोखालची चूक बहुतेकदा किरकोळ वाटते. कुणाचं काय बिघडलं? पण अशा चुकीत नेहमी मोठ्या नावाकडे आणखी श्रेय जातं आणि छोट्या नावाकडे होतं तेवढंही राहत नाही. ड्रायडन यांना क्रॉपर यांच्या २९ विजयांची गरज नाही. क्रॉपर यांना आहे.

संघ भारी होता म्हणून ते भारी होते का?

ड्रायडन यांच्याबद्दल हा वाद जुना आहे. कॉर्नेलमध्ये संघ तगडा, मॉन्ट्रियलमध्ये त्याहून तगडा. अशा संघात कुणीही उभं राहिलं असतं तरी जिंकलंच असतं, असं टीकाकार म्हणायचे. आणि १९७० चा अपराजित हंगाम तर त्यांच्याशिवायच झाला! म्हणजे टीकाकारांचं खरं मानायचं का?

उत्तरासाठी १९७१ कडे जावं लागतं. पदवीनंतर ड्रायडन काही काळ कॅनडाच्या राष्ट्रीय संघात होते. मग मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घेता घेता मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघातून खेळू लागले. मार्च १९७१ मध्ये त्यांना मुख्य संघात बोलावणं आलं. हंगाम संपायला जेमतेम काही दिवस होते. त्यांना सहा सामने मिळाले आणि सहाही जिंकले.

याच दिवसांतला आणखी एक ऐतिहासिक सामना २० मार्च १९७१ चा. समोरच्या बफेलो संघाच्या गोलमध्ये उभे होते डेव्ह ड्रायडन, म्हणजे केन यांचे मोठे भाऊ. एनएचएलमध्ये दोन सख्खे भाऊ गोलरक्षक म्हणून आमनेसामने येण्याची ही पहिलीच वेळ. अंगणातला खेळ मोठ्या मैदानावर आला होता.

त्यानंतर बाद फेरी. पहिलीच गाठ बॉस्टनशी. गतविजेते, आणि त्या हंगामात गोलांचा पाऊस पाडलेला संघ. त्यांच्या फिल एस्पोझिटो यांनी एकट्याने ७६ गोल केले होते. मॉन्ट्रियल टिकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. सहा सामन्यांचा अनुभव असलेल्या, कायदा शिकणाऱ्या या पोराने सात सामन्यांच्या मालिकेत बॉस्टनला रोखलं. पुढे मिनेसोटा आणि शेवटी शिकागोला हरवून मॉन्ट्रियलने स्टॅन्ली कप जिंकला. बाद फेरीतले सगळे २० सामने ड्रायडन खेळले आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्यांना मिळाला.

गंमत म्हणजे नवोदित खेळाडूचा काल्डर करंडक त्यांना त्यानंतर, १९७२ मध्ये मिळाला. आधीच्या हंगामात सामने इतके कमी होते की नियमाप्रमाणे ते अजून 'नवोदित'च होते.

१९७१ मध्ये बलाढ्य संघ समोर होता. त्यामुळे तगडा संघ मागे होता म्हणून ते जिंकले, हे म्हणणं अर्धंच खरं ठरतं. चांगल्या संघाने त्यांचं काम सोपं केलं, पण काम अवघड झालं तेव्हा त्यांनी ते करून दाखवलं.

कॉलेजनंतरचा माणूस

एनएचएलमध्ये ते १९७९ पर्यंत खेळले. ३९७ सामने, २५८ विजय, फक्त ५७ पराभव, ७४ बरोबरी. ४६ सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. सहा स्टॅन्ली कप आणि सर्वोत्तम गोलरक्षणाचा वेझिना करंडक पाच वेळा. १९७२ मध्ये कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ या गाजलेल्या मालिकेतही ते होते. पॉल हेंडरसन यांच्या निर्णायक गोलनंतरचा जल्लोषाचा जगप्रसिद्ध फोटो त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यातला. तेव्हा ड्रायडन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या गोलमध्ये होते.

पण त्यांची वेगळी ओळख झाली ती हॉकीला आयुष्याचा एक भाग मानल्यामुळे. १९७३-७४ चा हंगाम त्यांनी कराराच्या वादावरून चक्क सोडून दिला आणि टोरंटोतल्या एका वकिली फर्ममध्ये उमेदवारी केली. वयाच्या ३१ व्या वर्षी, संघ सलग चौथ्यांदा जिंकलेला असताना, निवृत्ती घेतली. १९८३ मध्ये 'द गेम' हे पुस्तक लिहिलं. हॉकीवरच्या सर्वोत्तम पुस्तकांत त्याचं नाव घेतलं जातं.

पुढे ते टोरंटो मेपल लीफ्स या संघाचे अध्यक्ष झाले. २००४ मध्ये कॅनडाच्या संसदेवर निवडून गेले आणि पॉल मार्टिन यांच्या मंत्रिमंडळात सामाजिक विकास खात्याचे मंत्री होते. मुलांच्या पाळणाघरांसाठी देशव्यापी योजना आखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. उतारवयात त्यांनी खेळाडूंच्या डोक्याला होणाऱ्या इजांबद्दल सातत्याने आवाज उठवला.

कॉर्नेलने २५ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांचा १ क्रमांक आणि जो न्यूएनडाइक यांचा २५ क्रमांक कायमचा निवृत्त केला. विद्यापीठाच्या हॉकी इतिहासात असा मान मिळालेले हे पहिले दोन खेळाडू. मॉन्ट्रियलने त्यांचा २९ क्रमांक त्याआधीच, २९ जानेवारी २००७ रोजी निवृत्त केला होता.

रंगीत केलेले फोटो आणि 'जुना आहे म्हणजे फुकट आहे' हा गैरसमज

आता एका क्लिकवर कृष्णधवल फोटो रंगीत करता येतो. दिसायला छान वाटतं. पण लक्षात घ्या, सॉफ्टवेअरला जर्सीचा खरा रंग माहीत नसतो. राखाडी छटेवरून ते अंदाज बांधतं. कॉर्नेलचा गडद लाल निळा होऊ शकतो, तपकिरीही. चेहरा 'स्वच्छ' करणारी साधनं तर मूळ फोटोत नसलेले बारकावेही भरतात. असा फोटो शेअर करायचा असेल तर तो रंगवलेला आहे हे लिहा आणि शक्य असेल तर मूळ फोटोही सोबत द्या.

दुसरा मुद्दा हक्कांचा. फोटो साठ वर्षं जुना असला म्हणजे तो आपोआप सर्वांचा होत नाही. अमेरिकेत १९६४ ते १९७७ या काळात कॉपीराइटच्या सूचनेसह प्रसिद्ध झालेल्या कामाला ९५ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे १९६७ मध्ये असा प्रसिद्ध झालेला फोटो २०६२ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा असू शकतो. निदान छायाचित्रकाराचं किंवा मूळ प्रकाशनाचं नाव कापून टाकू नका. सामन्यात बर्फाच्या कडेला, थंडीत कॅमेरा धरून कुणीतरी उभं होतं, म्हणून हा फोटो आज तुमच्यासमोर आहे.

शेअर करण्याआधी काय तपासाल?

- पाठीवर १ आहे की २९? त्यावरून कॉलेज की एनएचएल हे ठरेल.
- हंगाम कोणता? मुख्य संघासाठी १९६६-६७ ते १९६८-६९ हेच तीन. त्याआधीचा, १९६५-६६ चा असेल तर तो 'फ्रेशमन' संघाचा.
- फोटोत १९७० चा विजेता संघ आहे का? मग गोलरक्षक ड्रायडन नव्हेत, ब्रायन क्रॉपर.
- फोटो रंगवलेला आहे का? तसं लिहा.
- फोटो कुणी काढला, कुठे छापला गेला, हे माहीत आहे का? माहीत असेल तर नाव द्या. माहीत नसेल तर अंदाजाने वर्ष किंवा ठिकाण टाकू नका.